सुई, लोकर आणि मोबाइल: विणकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीला राहते. सुयांवरचं विणकाम आणि क्रोशे करते, केलेलं काम ऑनलाइन दाखवते, पद्धत मराठीत लिहून देते आणि झेपतील तेवढ्या ऑर्डरी घेते. लातूर, बीड, हिंगोली, नांदेडकडच्या बायका जे विचारतात ते बहुतेक सारखंच असतं. मोबाइलवर एकेकीला उत्तर देताना निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून इथे सवडीने लिहिलं आहे.

आपल्याकडे एवढं ऊन. इथे लोकरीचं घालणार कोण?

थंडीची लाट आली की परभणीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. रब्बीच्या पिकाला रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला विचारा, कानटोपी आणि हातमोजे काय कामाचे असतात. वेळ अमावस्येला सगळं घर शेतात जेवायला निघतं, तेव्हाही लेकरांच्या अंगावर स्वेटर लागतोच. पण हे दोन-अडीच महिनेच, हेही खरं.

म्हणून माझं सांगणं असं की वर्षभर विणायचं असेल तर सूत हाताशी ठेवा. आपण कापूस पिकवणारी माणसं आहोत आणि विणायला मात्र फक्त ॲक्रिलिक घेतो, हे मला पटत नाही. सुती धाग्याचं झबलं, उन्हाळ्यातली टोपी, पिशवी, पाण्याच्या बाटलीची जाळी, ताटावरचा रुमाल, सगळं इथल्या हवेला चालतं. फक्त सुताचा स्वभाव ओळखा. त्याला लोकरीसारखा ताण नसतो, वस्तू स्वतःच्या वजनाने खाली ओघळते. त्यामुळे लोकरीला जी सुई वापराल त्यापेक्षा एक नंबर बारीक सुई घ्या आणि कमरेची, मनगटाची पट्टी जरा घट्ट विणा.

सुया आधी शिकू की क्रोशे?

क्रोशे. एका वेळी एकच टाका उघडा असतो, त्यामुळे चुकलं तर उसवायची भीती वाटत नाही. सुयांवर शंभर टाके उघडे असतात आणि एक निसटला की तो खाली पळत जातो. हात बसल्यावर तोही क्रोशाच्या सुईने वर ओढून घेता येतो, पण पहिल्याच आठवड्यात असं झालं की नवी मुलगी सुया ठेवून देते.

स्वेटर मात्र खासच हवा असेल तर थेट सुयांवर या. क्रोशाचं कापड जाड आणि कमी लवचिक होतं, त्याला धागाही जास्त लागतो.

सुरुवातीला काय सामान घ्यावं?

चार मिलिमीटरची सुई, फिक्या रंगाची मध्यम जाडीची लोकर, बोथट टोकाची शिवणाची सुई आणि मोजपट्टी, एवढंच. काळी लोकर घेऊ नका, टाके दिसत नाहीत. दुकानात जुन्या नंबरच्या सुया मिळतात आणि त्यांचा हिशेब उलटा असतो: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, ११ नंबर म्हणजे ३. परदेशातले पॅटर्न, म्हणजे विणायच्या लिहिलेल्या पद्धती, बहुतेक मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पॅटर्न जसाच्या तसा विणला, तरी स्वेटर लहान झाला. असं का?

कारण प्रत्येकीचा हात वेगळा. पॅटर्न लिहिणारीच्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसत असतील तर १०० टाक्यांचे ५० सेंटिमीटर होतात. तुमचा हात घट्ट असेल आणि तेवढ्याच जागेत २२ टाके बसत असतील तर त्याच १०० टाक्यांचे जेमतेम साडेपंचेचाळीस होतात. लेकराच्या छातीला साडेचार सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एका मापाचा फरक.

आधी पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि मधल्या भागात मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी वेडेवाकडे असतात. टाके जास्त बसले तर जाड सुई, कमी बसले तर बारीक. पुष्कळ जणींना हा चौकोन म्हणजे वाया गेलेला वेळ वाटतो. मला तो कामाचाच भाग वाटतो. हे चौकोन मी टाकून देत नाही, सुईचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवते.

भावजयीचे दिवस भरत आलेत. बाळंतविड्यात काय विणावं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो.

बाळ कोणत्या महिन्यात येणार ते आधी बघा. चैत्रात जन्मलेल्या लेकराला मराठवाड्यात लोकर लागत नाही. त्याची पहिली थंडी कार्तिक-मार्गशीर्षात येते आणि तोवर ते सात-आठ महिन्यांचं झालेलं असतं. अशा वेळी तान्ह्या मापाचा सुंदर स्वेटर विणला तर तो एकदाही अंगाला न लागता ट्रंकेत जातो. चैत्राच्या बाळाला सुती झबलं-टोपडं आणि पातळ दुपटं करा, स्वेटर करायचाच तर वर्षाच्या मापाचा करा. दिवाळीच्या आसपासच्या बाळाला कुंची, मोजे, लोकरीचं दुपटं सगळं कामाला येतं, पण मापं तीन महिन्यांच्या बाळाची धरा. लेकरं भराभर वाढतात.

आता जपायच्या गोष्टी. दुपट्याला मोठ्या छिद्रांची जाळी नको, बोटं अडकतात. दोन रंगांचे मोजे विणले तर आतून सैल धागे राहतात आणि पायाच्या बोटाभोवती गुंडाळले जातात, म्हणून बाळाचे मोजे एकाच रंगाचे विणा. गळ्याशी लांब दोरी नको. मणी नको, शिवलेलं मोत्याचं बटणही नको, पुढून बांधायच्या आखूड नाड्या पुरतात. केसाळ लोकर दिसायला गोड असली तरी तिचे तंतू नाकातोंडात जातात. देण्याआधी एकदा सौम्य साबणाने धुऊन द्या.

पैठणीवरचा मोर स्वेटरवर विणता येईल का?

येईल. पैठणी आणि रंगीत विणकाम यांची रीत आतून बरीच जवळची आहे. पैठणीच्या पदरावर प्रत्येक रंगाचा धागा आपल्यापुरत्या जागेतच फिरतो आणि रंग बदलतो तिथे शेजारच्या धाग्यात अडकवून मागे वळतो. म्हणून तिच्या पाठीमागे लोंबते धागे नसतात. सुयांवरच्या कामात इंटार्सिया म्हणतात ते हेच: प्रत्येक रंगाची वेगळी छोटी गुंडी ठेवायची आणि रंगाच्या सीमेवर दोन धाग्यांना एकमेकांभोवती एक पीळ द्यायचा. पीळ विसरला तर तिथे भोक पडतं.

खरी अडचण आलेखाची. आपण चौकोनी रकान्यांच्या वहीत मोर काढतो, पण सुयांवरचा टाका चौकोनी नसतो. १० सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि २८ ओळी बसत असतील तर एक टाका ५ मिलिमीटर रुंद आणि साधारण साडेतीन मिलिमीटर उंच होतो. वहीत २८ रुंद आणि २८ उंच काढलेला मोर विणल्यावर १४ सेंटिमीटर रुंद आणि १० उंच होईल, म्हणजे बसका. त्याच उंचीला २० टाके आणि २८ ओळी घेतल्या तर तो हवा तसा उतरेल. वहीत तो उंच, किडकिडीत दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. कोयरी, अशर्फी आणि कमळ मोरापेक्षा सोपे, सुरुवात तिथून करा.

सुयांची सवय नसेल तर जाळीचं क्रोशे करा. दोन साखळ्या (क्रोशाचे सगळ्यात साधे टाके) आणि एक खांब (उंच उभा टाका) मिळून रिकामं घर, खांबांनी भरलेलं भरीव घर. ही घरं बरीचशी चौकोनी येतात, त्यामुळे वहीतली नक्षी फारशी बदलावी लागत नाही. जुन्या रुखवतात पांढऱ्या दोऱ्याचे मोराचे रुमाल असायचे ते याच रीतीचे. आजीच्या पेटीत असा एखादा सापडला तर रकाने मोजून वहीत उतरवून घ्या. तो आलेख तुमच्या घरचा आहे.

पण विणलेल्या स्वेटरला ‘पैठणी स्वेटर’ म्हणून विकू नका. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते हातमागावरच्या त्या कापडाचं आहे. ‘पैठणीच्या मोरावरून केलेली नक्षी’ असं लिहा. मागावर बसणाऱ्याचा मान राहतो आणि गिऱ्हाईकही फसत नाही.

क्रोशे आपलं आहे की परदेशी?

सुई आणि रीत मिशनऱ्यांबरोबर आली. पण आंध्रातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस करत आल्या आहेत आणि त्या लेसलाही भौगोलिक मानांकन आहे. नरसापूर गोदावरीच्या मुखाशी आहे. आपल्या पैठण, गंगाखेड, नांदेडवरून जाणारीच ही नदी. वरच्या अंगाला पैठणी आणि समुद्राजवळ लेस, एकाच नदीच्या काठी. मला याचा फार आनंद वाटतो.

घोंगडीची लोकर विणायला वापरता येते का?

येते, पण अंगाला लागणाऱ्या कपड्यासाठी नको. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, टोचते. घोंगडी तिच्यापासून होते ती या राठपणामुळेच टिकाऊ होते, शिवाय चिंचोक्याची खळ लावून ती कडक करतात. हाताने कातलेला धागा मिळाला तर देवघरातलं आसन, पिशवी, जाड पायपोस करा. काळा, करडा, तपकिरी हे मेंढीचे मूळ रंग आहेत, त्यांना रंगवायची गरजच नाही. धाग्यात गवताचे तुकडे असतात, ते विणताना वेचत जा. धनगरांच्या घरून थेट धागा घेत असाल तर घासाघीस करू नका. कातणं किती किचकट असतं ते विणणाऱ्या बाईला तरी कळायला हवं.

इंग्रजी पॅटर्न कळत नाहीत. काय करू?

आधी पॅटर्न अमेरिकन आहे की ब्रिटिश ते बघा. आपल्या मुक्या खांबाला, म्हणजे बुटक्या टाक्याला, अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. आपला खांब अमेरिकेत डबल, तर ब्रिटनमध्ये ट्रेबल. हे पाहिलं नाही तर पूर्ण वस्तूचं माप फिसकटतं. त्यापेक्षा चिन्हांचा आलेख शोधा. अंडाकृती म्हणजे साखळी, फुलीसारखं चिन्ह म्हणजे मुका खांब. जपानी पॅटर्नसुद्धा भाषा न येता वाचता येतात ते याच चिन्हांमुळे. रॅव्हेलरी या साइटवर मोफत पॅटर्नांचा मोठा साठा आहे. २००७ साली एका विणणाऱ्या बाईने आणि तिच्या नवऱ्याने ती सुरू केली.

स्वतःची पद्धत सगळ्यांना दिली तर माझ्याकडून घेणार कोण?

पद्धत द्या. मनापासून सांगते. ज्यांना विणायचं आहे त्या विणतील आणि ज्यांना विकत घ्यायचं आहे त्या घेतीलच. दोघी वेगळ्या आहेत. आपल्यालाही कुणीतरी ओसरीवर बसवून फुकटच शिकवलं, मावशीने, शेजारच्या काकूंनी, शाळेतल्या बाईंनी. आज मराठीत नीट लिहिलेले पॅटर्न इतके थोडे आहेत की तुम्ही लिहिलेला एक साधा मोजाही कुणाला तरी उपयोगी पडतो. ज्या बाईला इंग्रजी येत नाही, जवळ क्लास नाही, तिच्यासाठी लिहा. टाक्यांची संख्या प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहा आणि मापं, सुई, धाग्याचं वजन विसरू नका.

मात्र पद्धत मोफत देणं आणि वस्तू स्वस्तात देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली उदार मनाने करा, दुसरी अजिबात करू नका.

दुसऱ्याचा पॅटर्न बघून विणलेलं दाखवलं तर चालतं का?

दाखवा आणि मूळ कुणाचं ते लिहा. टाका कुणाच्या मालकीचा नसतो. पण लिहिलेल्या सूचना, आलेख आणि फोटो यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे. विकत घेतलेल्या पॅटर्नची पीडीएफ गटात पाठवणं ही चोरी आहे, आणि ज्या बाईचं पोट त्या विक्रीवर आहे तिची आहे. भाषांतर करायचं तरी परवानगी विचारा. बहुतेक जणी आनंदाने देतात. कार्टूनमधली प्रसिद्ध पात्रं क्रोशाने करून विकू नका, ती कंपन्यांच्या हक्कातली असतात. त्यापेक्षा खिलार बैल, राघू, हुरड्याचं कणीस करा. पोळ्याचा क्रोशाचा बैल दिसला की माणसं थांबून बघतात.

फोटो चांगले येत नाहीत.

मोबाइलची काच पुसा, फ्लॅश बंद ठेवा. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला दारातल्या सावलीत फोटो काढा. उन्हात काढलेला लाल रंग मोबाइल खाऊन टाकतो, टाके दिसतच नाहीत. पार्श्वभूमीला आपली शहाबादी फरशी फार उत्तम, तिचा करडा रंग चमकत नाही आणि त्यावर प्रत्येक धागा उठून दिसतो. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक टाक्यांचा जवळून, एक उलट्या बाजूचा. उलटी बाजू दाखवायला लाजू नका, जाणकार गिऱ्हाईक आधी तीच बघतं.

किंमत कशी लावायची? ‘ताई, बाजारात दोनशेला मिळतं’ म्हणतात.

समजा लोकर १५० रुपयांची लागली, काम बारा तासांचं झालं आणि तासाचे साठ रुपये धरले. ते ७२० झाले. पॅकिंगचे ३० धरा. एकूण ९००. हा हिशेब कागदावर मांडा आणि पाठवून द्या. बहुतेक बायका तो वाचून पुढे बोलत नाहीत. काही जणी ऑर्डर देतात, काही जणी नाही देत, दोन्ही ठीक.

दोनशेचा स्वेटर मशिनवरचा असतो, त्याच्याशी तुमची बरोबरी नाही. आणि खरं क्रोशे तर मशिनवर होतच नाही. मशिनवर क्रोशेसारखं दिसणारं कापड निघतं. त्यामुळे क्रोशाची वस्तू कुठे फारच स्वस्त दिसली तर समजा की कुणातरी बाईला तासाचे पाच-सात रुपयेसुद्धा मिळालेले नाहीत. नात्यातल्यांना भेट द्या, भरभरून द्या, पण अर्ध्या किमतीत विकू नका. भेट ही भेट राहू दे आणि विक्री ही विक्री.

पैसे घेताना काय काळजी घ्यावी?

लोकरीएवढी रक्कम आगाऊ घ्या. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागत नाही. ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर तो तुमच्या खात्यातून पैसे काढणार आहे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. पार्सलच्या फोटोत पत्ता, फोन नंबर दिसू देऊ नका.

जीएसटी नंबर लागतो का?

फक्त वस्तू विकत असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात विक्रीसाठी नोंदणीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या विक्री-साइटवरूनही अशा छोट्या विक्रेत्यांना राज्यात विकता येतं, पॅनवर एक नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. परराज्यात विकायचं असेल तर आधी कर सल्लागाराला विचारा.

यूट्यूबवर पैसे मिळतात का?

जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्राइबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचं पाहणं लागतं. (लहान व्हिडिओंचा नियम वेगळा आहे.) ते ध्येय धरून विणू नका. हात स्पष्ट दिसतील असा, सावकाश बोललेला व्हिडिओ करा. तो वर्षानुवर्षं बघितला जातो.

इंटरनेटवर एक क्रोशाचा गणपती बघितला, तसा करून द्याल का?

आधी फोटो पाठवा. हल्ली कॉम्प्युटरने तयार केलेली चित्रं खूप फिरतात. मोठं करून बघा: टाक्यांच्या ओळी मध्येच एकमेकांत विरघळतात, धागा कुठून आला आणि कुठे गेला ते सापडत नाही. अशी वस्तू कुणीच विणलेली नसते. त्यासोबत विकला जाणारा पॅटर्नही बहुधा कामाचा नसतो. घेण्याआधी, कुणी प्रत्यक्ष विणून दाखवलाय का ते बघा.

धुवायचं कसं?

थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. पंच्यात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरून वाळवा. दोरीवर टांगलं की लांब होतं. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, साबण कपड्यातच राहतो, तेव्हा शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाका. ॲक्रिलिकवर इस्त्री कधीही नाही. ते वितळून चपटं होतं आणि पुन्हा उठत नाही. खऱ्या लोकरीला कसर लागते, ॲक्रिलिकला ती लागत नाही. लोकर स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून बंद पिशवीत ठेवा.

मनगट दुखतं.

थांबा. अर्ध्या तासाने हात खाली सोडून बोटं ताणा, सुई घट्ट आवळून धरू नका. मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ऑर्डर दोन दिवस उशिरा दिली तर चालतं.

आमच्या बचत गटाला हे काम सुरू करायचं आहे.

नक्की करा, पण सगळ्या जणींनी एकच वस्तू करू नका. ज्यांचा हात बारीक त्यांना मोजे आणि झबली, ज्यांचा वेग जास्त त्यांना तोरणं, एकीकडे फोटो आणि हिशेब. एका वस्तूसाठी सगळ्यांनी एकच धागा वापरायचा आणि आधी चौकोन विणून प्रत्येकीने आपल्या हाताला जुळेल ती सुई घ्यायची, नाहीतर एकाच मापाचे दोन मोजे एकसारखे येत नाहीत. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) १९७५ पासून महाराष्ट्रात बायकांसाठी काम करते आणि बचत गटांसाठीच्या सरकारी उमेद अभियानाचे लोक तालुक्यातच असतात. प्रदर्शनात जागा कशी मिळते ते त्यांच्याकडे विचारा.

तुमच्याकडे ऑर्डर कधी द्यावी?

महालक्ष्म्यांसाठी तोरण, झालर किंवा मखराची जाळी हवी असेल तर आषाढात सांगा, श्रावणात माझे हात भरलेले असतात. स्वेटर गणपतीच्या आत. बोरन्हाणाचे अंगडे-टोपडे दिवाळीनंतर लगेच, लेकराच्या छातीचं आणि डोक्याचं माप सेंटिमीटरमध्ये मोजून पाठवा. ‘दीड वर्षाचा आहे’ एवढ्यावर मी टाके घालत नाही.